चमच्याला विनवणी

१२ डिसेंबर, रविवार

हलला! काटा हलला — आणि परितोषला काही पकडता आलं नाही!

होकायंत्र त्याच्या उजव्या तळहातावर ठेवलं होतं. (डावा हात गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यापासून मांडीवर नुसता पडून असतो.) मी जरा लांब उभी. अंगावर शाल, हाताची घडी. काटा आधी थरथरला, मग सावकाश वळला — उत्तर सोडून थेट माझ्याकडे. परितोष बघतच राहिला. मग म्हणाला, "कुठे लपवलंयस?"

"तू सांग. जादूकर तू!"

बराच विचार केला त्याने. "नाही बुवा. नाही पकडता येत."

सबंध संसारभर मी या माणसाच्या पेटीत शिरले. दोन तुकडे झाले, हवेत तरंगले, कबुतर होऊन उडाले. लोक टाळ्या वाजवायचे त्याला, आणि मी बाजूला उभी राहून त्याच्याकडे हात करून दाखवायची — हा बघा, याने केलं! तुम्हाला स्वतःला काय येतं, असं मला कधी कुणी विचारलं नाही. आता विचारा!

१४ डिसेंबर, मंगळवार

पांचूदा आले होते. जादूकरांच्या शनिवारच्या मंडळीचे चिटणीस, पत्त्यांचे उस्ताद, वहिनी मानून मला बौदी म्हणणारे. मुढी, म्हणजे कुरमुरे, खात खात सगळं पुन्हा एकदा सांगितलं, जणू मला माहीतच नाही. जादूकरांचा हिवाळी मेळावा बावीस जानेवारीला. त्यातला शेवटचा खेळ परितोषचा, कित्येक वर्षांपासून. मागच्या हिवाळ्यात तो इस्पितळात, म्हणून जागा रिकामी ठेवली. सलग दोन हिवाळे रिकामी राहिली तर जागा दुसऱ्याची, असा मंडळीचा नियम. आणि तो नियम करणाऱ्यांत परितोष सगळ्यांत पुढे होता! तेव्हा काळे केस होते.

"बौदी, त्याच्या जागी तुम्ही उभ्या राहणार म्हणता. पण करणार काय? पेटीत कोण शिरणार, मी?"

"पेटी नाही. मनाने वस्तू हलवणार. चमचा वाकवणार."

मुढी घशात अडकली त्यांच्या. पाणी दिलं. "बाहेरच्या लोकांसमोर ठीक आहे हो. पण इथे समोर सगळे आपले लबाड बसणार. खोलीभर चोर आणि पोलीस तुम्ही एकट्या — नाही, उलट. खोलीभर पोलीस आणि चोर तुम्ही एकट्या!"

आणि मग पेल्यांची आठवण करून दिली. खेळ संपला की सगळ्यांना मातीच्या पेल्यातून चहा. ज्याला गुपित दिसलं तो रिकामा पेला उपडा ठेवतो. ज्याला दिसलं नाही तो बाहेर जाऊन फोडतो. कुणी कुणाला काही विचारायचं नाही. उपडे पेले जास्त झाले, तर बौदी असो की बौदीची सासू असो — जागा गेली.

मी म्हटलं, "पेले जरा पातळ मागवा यंदा. फुटायला बरे."

परितोष खूप हसला. झटक्यानंतर त्याचं हसू एका बाजूनेच उमटतं, पण उमटलं.

मी राखणार ही जागा. तो बरा होईल. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तिथे उभा राहील. तोवर खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरावी, तशी मी.

१७ डिसेंबर, शुक्रवार

आज भांडण. प्रेमळ, पण भांडणच.

परितोषचं म्हणणं, मी चमच्यावर हुकूम सोडत नाही. तो स्वतः कसा करायचा! हात पुढे, भुवया वर, आवाज ढगासारखा — वाक! मागच्या रांगेतली मुलं रडायची. मी ते करायला जाते तेव्हा मोलकरणीला रागावल्यासारखी वाटते.

शिवाय मला ते पटतही नाही. ज्याच्या अंगात खरोखर अशी ताकद असेल तो ओरडेल कशाला? उलट तो भीतभीतच असेल. आज होईल का, याची त्यालाही खात्री नसेल. पहिल्यांदा जमणारच नाही. कपाळावर घाम येईल. आणि होईल तेव्हा अगदी थोडंसं होईल. चमचा टेबलावरून उडाला तर लोक दोरा शोधतात. केसभर वाकला तर श्वास धरतात.

मला शाळेतलं प्रार्थनाघर आठवतं. पहाटेची थंडी, गुडघ्यांखाली गार लाकडी फळी, समोर एक मेणबत्ती. आम्ही मुली तिच्याकडे टक लावून बसायचो आणि मनात म्हणायचो, हल, हल, हल. आणि हलायची ती ज्योत! दाराच्या फटीतून वारा यायचा, दुसरं काय. पण तो क्षण — आपण मागितलं आणि कुणीतरी ऐकलं!

तेच करायचं. हुकूम नाही, विनवणी.

परितोष म्हणाला, "ही जादू आहे की अंगाई?"

म्हटलं, "अंगाईनेच माणसं डोळे मिटतात."

१८ डिसेंबर, शनिवार

दिवसभर चमचा. आरसा आणि चमचा. मनगट दुखतंय. मस्त दुखतंय!

२१ डिसेंबर, मंगळवार

पुतुल भांडी घासायला आली तेव्हा तिच्या हातात चमचा दिला. मूठ बंद करायला लावली. तिच्या डोळ्यांत बघितलं, तिच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. बोलता बोलता ती थांबली. "दीदी, हे गरम लागतंय." गरम वगैरे काही नव्हतं. मूठ उघडली तर चमचा मान वाकवून पडलेला.

पुतुलने तो खाली ठेवला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "चमचा ठीक आहे. आमच्या घरच्याला खाटेवरून हलवून दाखवाल तर मानेन."

ते माझ्या ताकदीबाहेरचं आहे, असं कबूल केलं.

शिकले ते हे : चमच्याकडे मी बघायचंच नाही. माणसाकडे बघायचं. वस्तू हलली हे पहिल्यांदा त्याने सांगावं, मी नाही. मी शेवटची कळणारी. मला आश्चर्य वाटलं पाहिजे.

२५ डिसेंबर, शनिवार

न्यू मार्केटमधून केक आणला, दर वर्षीचा. परितोषने अर्धा तुकडा खाल्ला, अर्धा बशीत तसाच. भूक कमी झालीये त्याची.

दुपारी सगळा खेळ त्याच्यासमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. काटा, मग चमचा. चमच्यांची अदलाबदल उजव्या हाताने, शालीच्या आड. एवढं बारीक काम मी करते आहे याचा मलाच अभिमान वाटतो! या माणसाने कोलकात्यातल्या भल्याभल्यांना पकडलंय. नुसत्या श्वासावरून ओळखायचा. आणि माझ्यापुढे हात टेकतो. "कुठे केलंस कळलं नाही."

सांता यावा तर असा.

३० डिसेंबर, गुरुवार

पुन्हा नाही पकडलं! मी आता मुद्दाम सावकाश करते. तरी नाही!

४ जानेवारी, मंगळवार

काय लिहू. लिहिते.

चमचा निसटला. अदलाबदलीच्या वेळी दुसरा चमचा शालीतून सरकून माझ्या उजव्या हाताशी, पलंगावरच्या रजईवर पडला. आवाज झाला नाही. पण लख्ख ऊन होतं, रजई पांढरी, चमचा पितळी. परितोष समोर बसलेला. मी थिजले. आता हसणार, म्हणणार — गेली जागा!

तो म्हणाला, "सुंदर. कळलं नाही."

चमचा रजईवर चमकत होता. मी त्याच्याकडे बघत होते. परितोष माझ्याकडे बघत होता.

मी उचलला नाही. तसाच ठेवून बोलत राहिले, हवापाण्याचं. त्याला दिसलाच नाही.

५ जानेवारी, बुधवार

बशीत संदेश मिठाईचे दोन तुकडे ठेवले, नव्या गुळाचे, त्याच्या आवडीचे. एक उजवीकडे, एक डावीकडे. त्याने उजवीकडचा खाल्ला. बोटं चाटली. बशी बाजूला सारली.

मी बशी उचलली, दाराशी गेले आणि परत येऊन ती अर्धी गोल फिरवून ठेवली. डावं उजवीकडे आलं.

"अरे, आणखी एक! आधी का नाही दिलास?"

मग सगळं एकामागून एक कळत गेलं. केकचा तो अर्धा तुकडा. वर्तमानपत्राची घडी घालून वाचणं. डाव्या बाजूच्या दाराला आपटणं — मी म्हणायची पाय ओढतोय. पाय नाही. त्याला डावीकडचं जगच दिसत नाही. आणि समोरासमोर बसल्यावर माझा उजवा हात त्याच्या डावीकडे. महिनाभर मी माझी सगळी लबाडी तिथे केली, जिथे त्याच्या लेखी काही नव्हतंच!

म्हणजे मला आजवर कुणी पाहिलेलंच नाही. पुतुल सोडून. आणि पुतुल तेव्हा मनाने तिच्या मुलीच्या लग्नात होती.

६ जानेवारी, गुरुवार

त्याला सांगितलं नाही. त्याला स्वतःला माहीत आहे का, तेही विचारलं नाही. आधी मेळावा. मग डॉक्टर, मग सगळं.

८ जानेवारी, शनिवार

मला डोळे हवे होते. खरे, निर्दयी डोळे. कोलकात्यात असे डोळे एकाच जागी आहेत हे आज सकाळी चहा गाळताना आठवलं. उठले आणि गेले.

सिस्टर इमेल्डा. शाळेच्या मागच्या अंगाला म्हाताऱ्या सिस्टर राहतात तिथे. व्हरांड्यात उन्हात बसून विणत होत्या. पाठीमागच्या बाकावर चिठ्ठी सरकली तरी फळ्याकडे तोंड करून कळायचं त्यांना!

"सुदेष्णा मित्र. सरळ उभी राहा."

लग्न होऊन केस पांढरे झाले माझे, यांच्यासाठी मी अजून माहेरच्याच आडनावाची, मित्र. सरळ उभी राहिले.

"सिस्टर, मी मनाने चमचा वाकवते."

"सैतानाच्या मदतीने की चुंबकाच्या?"

"काट्याला चुंबक, सिस्टर. चमच्याला हातचलाखी."

"मग चालेल. दाखव."

दाखवलं. काटा वळला तेव्हा त्यांनी सुया खाली ठेवल्या. चमचा वाकला तेव्हा पुन्हा उचलल्या.

"दुसऱ्यांदा कर."

केलं.

"तू डोळे मिटतेस."

"कधी?"

"पाप करतेस तेव्हा. अगदी त्याच क्षणी. बाकी वेळ माझ्याकडे टक लावून बघतेस आणि तेवढ्यात मिटतेस. लहानपणीही अशीच होतीस, खोटं बोलताना पापण्या मिटायचीस."

मी तिथेच पायरीवर बसले. आरसा! परितोष नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगायचा — आरशासमोर सराव करणारा ऐन कामाच्या क्षणी डोळे मिटतो. आपली लबाडी आपल्यालाच दिसू नये म्हणून. त्यामुळे आरशात सगळं साफ दिसतं. बघणारा माणूस समोर लागतो. हे मला पाठ होतं. पण माझ्यासमोर बघणारा माणूस आहे, असं मी समजत होते ना.

सिस्टरना परितोषचं सांगितलं. त्या विणत राहिल्या. ओळ संपवून म्हणाल्या, "मग दुसऱ्या हाताने कर. तू मुळात डावखुरी. मीच तुला पट्टीने उजवी केली."

"आठवतंय, सिस्टर. बोटांनाही आठवतंय."

"तेव्हा तीच पद्धत होती," त्या म्हणाल्या. मग माझा डावा हात हातात घेऊन जरा वेळ बसल्या. त्यांचे हात चिमणीएवढे झालेत.

११ जानेवारी, मंगळवार

आरशावर चादर टाकली.

डाव्या हाताने! पहिले दोन दिवस चमचे पडत होते, पुतुलला वाटलं मी रागावलेय. आज बोटं अचानक स्वतःहून वळली. लहानपणी हरवलेलं कुणी दारात येऊन उभं राहावं, तसं वाटलं.

डोळ्यांवरचा उपायही सापडला. कामाच्या क्षणी प्रश्न विचारायचा. खरा प्रश्न, ज्याचं उत्तर मला खरंच हवंय असा. उत्तराची वाट बघताना माणूस डोळे मिटत नाही.

१४ जानेवारी, शुक्रवार

पुतुलच्या मदतीने संक्रांतीचे गोड पिठे केले. नारळाचं सारण जरा जास्तच गोड.

परितोषसमोर सराव बंद केला आहे. तो विचारतो, "का गं?" मी सांगितलं, "आता थेट तिथेच बघ." त्याला पहिल्या रांगेत बसवणार. डाव्या हाताने केलं की काम त्याच्या उजवीकडे येतं, जिथे त्याला दिसतं. खोलीतल्या सगळ्यांत तिखट नजरेपुढे! धोका आहे. असू दे. त्याने मला एकदा तरी खरोखर बघावं. पकडलं तर पकडलं.

२१ जानेवारी, शुक्रवार

भीती नाही वाटत. खरंच नाही. चमचे चारदा मोजले, ते सहजच.

२२ जानेवारी, शनिवार

पांढऱ्या साडीला लाल काठ, तीच शाल. सभागृह भरलेलं. पांचूदांनी माझं नाव पुकारलं नाही, म्हणाले, "शेवटचा खेळ — परितोष लाहिरींच्या घरून." हशा पिकला. मलाही बरं वाटलं, गरम झालं वातावरण.

होकायंत्र पहिल्या रांगेतल्या घोषबाबूंच्या तळहातावर दिलं. हे नाण्यांचे खेळ करणारे, स्वतःच्या बायकोच्या हातातला चहाही दोन्ही बाजूंनी तपासून घेतात. मी लांब उभी राहिले आणि मागितलं. काटा नाही हलला. पुन्हा मागितलं. नाही. कुणीतरी खोकलं. मागून आवाज आला, "बौदी, बॅटरी संपली का?"

मी हसले. "आज नाही वाटतं," म्हटलं, "थकलेय जरा," आणि खुर्चीवर जाऊन बसले. पदराने कपाळ पुसलं. घोषबाबू होकायंत्र परत द्यायला उठले —

"अरे! अरे बाप रे!"

मी त्यांच्याकडे बघतही नव्हते. काटा फिरत होता. सबंध खोली उभी राहिली. कुणाच्या लक्षातच आलं नाही की खेळ थांबलाच नव्हता!

मग चमचा. पांचूदांच्या मुठीत द्यायला हात पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "पांचूदा, पहिल्यांदा जादू कुणाची बघितली होती?" डोळे भरले त्यांचे. "बाबांची," म्हणाले, "कानातून पैसा काढायचे." त्या क्षणी माझी डावी बोटं वळली, चमचा त्यांच्या मुठीत गेला. मी डोळे मिटले नाहीत. पाहत होते, त्यांच्या वडिलांना.

"बौदी," ते हळूच म्हणाले, "हे हलतंय."

टाळ्या नाही झाल्या. मग झाल्या.

चहा. नंतर अंगणात पेले फुटत राहिले — खळ्, खळ्, खळ्! त्याहून गोड आवाज मी ऐकलेला नाही. टेबलावर एकच पेला उपडा. परितोषचा. मान ताठ करून बसला होता त्याच्यासमोर.

"डावा हात," माझ्या कानात म्हणाला. "शालीच्या काठाखालून. फार सुरेख होतं गं. माझ्याही नजरेतून निसटणार होतं."

पकडलं मला! त्याने पाहिलं! मी वेड्यासारखी रडायला लागले, आणि पांचूदा सगळ्यांना ओरडून सांगत होते, "नवऱ्याचा पेला धरायचा नाही! नवऱ्याचा धरायचा नाही!"

जागा राहिली. त्याची जागा.

२३ जानेवारी, रविवार

सकाळीच पांचूदा आले. सभागृहाच्या पाटीवर शेवटच्या खेळासमोर नाव रंगवायचंय — सुदेष्णा लाहिरी लिहू की सुदेष्णा मित्र? मी म्हटलं, "तिथे परितोषचं नाव आहे की." पांचूदांनी मान खाली घातली. "ते दुर्गापूजेनंतर लगेच पुसलं, बौदी. परितोषनेच सांगितलं. म्हणाला, अर्धंच जग दिसणाऱ्याने खेळ करू नये, जागा तिला द्या. पण तिला आत्ता काही बोलू नका."

परितोषने मान वळवली, डावीकडे, अगदी शेवटपर्यंत, मी उभी होते तिथे. शोधून काढलं मला.

"म्हणजे तू परत उभा राहणार नव्हतासच?"

"नाही."

"मग मी कुणाची जागा राखत होते?"

"माझी म्हटलं म्हणून उठलीस," तो म्हणाला. "तुझी म्हटली असती, तर चहा करायला आत गेली असतीस."